अंगुस्तानाची खूण

दारात रिबेकाबाई आढाव उभ्या होत्या. हातात क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं ताट होतं.

"सलाम, विनू," त्या म्हणाल्या. "नाताळाचं आणलंय. धर."

मी धरलं नाही. चौकटीला हात लावून उभी राहिले, म्हणजे त्यांना आत पाऊल टाकायलाही जागा राहू नये.

"आमच्याकडं पुष्कळ आलंय. संपायचं नाही."

"आलं असेल. त्यात माझंही असू दे."

"नको."

त्यांनी ताट तसंच पुढं धरून ठेवलं. उंच, हडकुळ्या बाई. आवाज नेहमीसारखाच होता.

"उघडून तरी बघ. मग नको म्हण."

"न बघताच म्हणते."

समोरच्या खोलीतल्या बाई गहू निवडत बसल्या होत्या, त्यांचं सूप हातातच राहिलं. रिबेकाबाईंनी रुमालाचं एक टोक नीट केलं, "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. निघून म्हणजे चार पावलं. त्यांची खोली आमच्या खोलीला लागूनच होती, मधली भिंत एकच.

मी कडी लावली. आत पपा खाटेवर पेपर घेऊन बसले होते.

"कोण होतं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही ते सलाम करून गेलं का?"

पपा मिशन दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीला खुणांची पट्टी चिकटवावी तसे ते शब्द मापून द्यायचे. ते पुढं एवढंच म्हणाले, "दुखवट्याच्या घरानं ताट परत करू नये, विनू." आणि पेपर वर धरला.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. नगरची आमची मिशन चाळ पाडून तिथं इमारत उभी राहिली आहे. पण त्या वेळी चाळीत बारा खोल्या होत्या आणि बारा खोल्यांचा एक नियम होता. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरात नाताळाला तळण नाही, भट्टी नाही, दाराला कागदी चांदणी नाही. बाकीची अकरा घरं ताटं पाठवायची आणि दुखवट्याच्या घरानं ती घ्यायची. परत केलं, तर त्या घराशी संबंध संपला असंच सगळे समजायचे.

आमची आई ऑक्टोबरच्या अकरा तारखेला गेली. पोटाचं दुखणं होतं, चार महिने चाललं. आता दहा घरांची ताटं आमच्या टेबलावर होती आणि अकरावं मी दारातून परत पाठवलं होतं. मला त्याचा जरासुद्धा पश्चात्ताप नव्हता. उलट, आईसाठी काहीतरी केलं असं वाटत होतं. आईसाठी करण्यासारखं दुसरं उरलं काय होतं?

आईचं आणि रिबेकाबाईंचं भांडण नऊ वर्षांपूर्वीचं. ते काय होतं हे सांगायचं तर आधी भट्टी सांगायला हवी.

आमच्याकडं नाताळाची नानकटाई घरी भाजत नसत. पीठ घरी मळायचं, गोळे वळायचे आणि गफूरचाचांच्या बेकरीत न्यायचे. दुपारी पाव निघाले की भट्टी जरा निवायची, तेव्हा ते चाळीतल्या नानकटाईचे पत्रे आत सरकवायचे. पत्रे बेकरीचेच, सगळे सारखे, काळेकुट्ट. आई आणि रिबेकामावशी (तेव्हा मी त्यांना मावशी म्हणत असे) दोघी शेजारी बसून आपापलं पीठ मळायच्या आणि मिळूनच पत्रे न्यायच्या. आईच्या नानकटाईचं चाळीत नाव होतं. मैद्यात ती मूठभर बाजरीचं पीठ घालायची, खमंग भाजून. मैद्यात बाजरी म्हटल्यावर लोक हसायचे आणि खाताना मुकाट्यानं दुसरी उचलायचे.

त्या वर्षी दोघींचा एकेक पत्रा गेला. एक सोनेरी निघाला, एक कोळसा झाला. चाचांना आठवेना कुठला कुणाचा. आई म्हणाली, चांगला माझा. रिबेकाबाई म्हणाल्या, माझा. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि घरी होते. आई जळका पत्रा घेऊन आली, पदरानं डोळे पुसत. "तिनं चांगला नेला," एवढंच म्हणाली. त्या नाताळात आमच्याकडं चर्चच्या पाळकसाहेबांना दुकानातली बिस्किटं द्यावी लागली.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आणि तेव्हापासून चाळीत खुणा सुरू झाल्या. पुढच्या वर्षी आईनं शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान घेऊन प्रत्येक गोळ्यावर दाबलं. मधे खळगा आणि खळग्यात बारीक बारीक ठिपके. रिबेकाबाईंनी किल्ली दाबली. मग कुणी काट्यानं रेघा मारल्या, कुणी बटण दाबलं. भांडण दोघींचं, शिस्त सगळ्या चाळीला लागली.

मी आईची बाजू पक्की धरली. माझा स्वभाव आधीच तिखट, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांची बोलणी ऐकून आणखी तिखट झालेला. नऊ वर्षं मी रिबेकाबाईंकडं बघून हसलेसुद्धा नाही. त्या आईच्या अंत्यविधीला आल्या, मागं उभ्या राहिल्या. मी पाहिलं आणि मान फिरवली. सप्टेंबरात एकदा आई पडल्या पडल्या म्हणाली होती, "रिबेकाचं काय चाललंय गं?" मी म्हणाले, "तिचं नाव काढू नकोस. तुला त्रास होतो." आई गप्प बसली. मला वाटलं, मी तिला जपलं.

एक गोष्ट मात्र मला सलत होती. अंगुस्तान सापडत नव्हतं. आईच्या शवपेटीत ठेवायला म्हणून मी शिलाई मशीनचा खण उपसला, ट्रंक उपसली, नाही मिळालं. आणि नानकटाई तर मला करताच येत नव्हती. आई दर वर्षी म्हणायची, "बस जवळ, बघ." मी म्हणायची, "पुढच्या वर्षी." आई काय, आहेच, असं वाटायचं. आता पपांच्या पुढं दहा घरांची नानकटाई होती. त्यांनी एक तोडली, अर्धी बशीत ठेवली आणि म्हणाले, "चांगली आहे." पुन्हा हात लावला नाही. पपांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. ती अर्धी नानकटाई मी दोन दिवस बशीत बघत होते. आईच्या हाताची चव घरातून गेली आणि ती माझ्या आळसानं गेली, हे मला कळत होतं.

ताट परत केल्याच्या दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, मला सुटी होती. सकाळी अकराच्या सुमारास पपा म्हणाले, "गफूरकडून पाव घेऊन ये. त्याच्याकडचाच आण."

मी पिशवी घेऊन गेले. गफूरचाचा सत्तरीला आलेले. दाढीला मेंदी, अंगावर कायम मैद्याची पांढरी झाक. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "बेटा, तुमची तर या साली एक नंबर झाली. एकदम अम्मांच्या हातची..." आणि गप्प झाले. अम्मा गेल्या हे त्यांना बोलता बोलता आठवलं असावं.

"आमची? चाचा, आमच्याकडं या वर्षी भट्टी नाही."

"मग ही कुणाची?"

गल्ल्याशेजारी त्यांची काचेची बरणी असायची. प्रत्येक घरानं आपल्या पत्र्यातल्या दोन त्या बरणीत टाकायच्या, भट्टीचा मान म्हणून. चाचांनी झाकण काढलं, वरच्या दोन-तीन बाजूला केल्या आणि एक माझ्या तळहातावर ठेवली. मधे खळगा. खळग्यात बारीक ठिपके.

मी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"हा पत्रा कुणी आणला?"

"आढावबाईंनी. परवा. दोन आणले, एक किल्लीचा, एक हा. मी समजलो, तुमच्या घरी गमी आहे तर त्याच तुमचा घेऊन आल्या." त्यांनी माझा चेहरा पाहिला. "काय झालं बेटा? भाजली कमी का?"

"नाही चाचा. भाजली बरोबर आहे."

बेकरीपासून चाळ दहा मिनिटांवर. मी पाच मिनिटांत आले असेन. नानकटाई मुठीत होती. सगळं मला लख्ख दिसत होतं: आई आजारी पडली, मी कामावर, पपा बाहेर बाकावर डुलक्या घेत बसलेले, आणि या बाईनं संधी साधली. नऊ वर्षांपूर्वी पत्रा नेला, आता खूण नेली. आणि वर ताट घेऊन मलाच दाखवायला आली होती. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवून ठेवली. चांगली धारदार होती.

रिबेकाबाईंचं दार उघडंच होतं. त्या जमिनीवर बसून करंज्या कातत होत्या. मी परत केलेलं ताट टेबलावर जसंच्या तसं होतं, रुमालासकट.

"ही काय आहे?" मी मूठ उघडली. वाटेत नानकटाईचे दोन तुकडे झाले होते.

"नानकटाई," त्या म्हणाल्या.

"खूण आईची आहे. अंगुस्तान तुमच्याकडं कसं आलं?"

"बस आधी."

"बसायला नाही आले मी."

"ठाऊक आहे. भांडायला आलीस." त्यांनी कातणं खाली ठेवलं. "भांडायला आली तरी तिला बसव, असं सांगून ठेवलंय मला."

"कुणी?"

"मार्थानं."

मार्था माझी आई. नऊ वर्षांत त्या तोंडून आईचं नाव मी ऐकलं नव्हतं. जुळवलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे. मी बसले.

रिबेकाबाईंनी पदराला हात पुसले. "आम्ही दोघी नव्या लग्नाच्या होतो ना, तेव्हा चहा टाकला की ती अंगुस्तानानं भिंत वाजवायची. तीनदा. मी 'आले गं' म्हणायची आणि जायची. सप्टेंबरात एका दुपारी भिंत वाजली. मला वाटलं, मला भास झाला. मग परत वाजली. तीनदा."

"मग?"

"मग काय? गेले. नऊ वर्षांत चार पावलं टाकता आली नाहीत, ती टाकली. तुझे पपा बाहेर बाकावर होते. मला बघून उठले आणि दार लोटून घेतलं, तुला कुणी सांगू नये म्हणून. त्यानंतर रोज जायची. तुझी ड्यूटी संपायच्या आधी परत यायची."

"रोज?"

"एकतीस दिवस. शेवटचे दोन ती दवाखान्यात होती."

सप्टेंबरात मी घरी आले की आईचे केस विंचरलेले असायचे. मी समजायची, पपांनी विंचरले.

"पण मला का नाही सांगितलं तिनं?"

"सांगायचं होतं. तिनं माझं नाव काढलं, तू गप्प केलंस." हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नाही, पण टोचलं. "मग म्हणाली, विनू माझ्यासाठी नऊ वर्षं तुझ्याशी बोलली नाही. तिला आता कुठल्या तोंडानं सांगू, की तो जळका पत्रा माझाच होता?"

"काय?"

"घरी नेऊन तिनं एक फोडून बघितली. वरचा कोळसा खरवडला. आत बाजरी लागली."

बाजरी आमच्याशिवाय चाळीत कुणीच घालत नसे. म्हणजे आईला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

"मग लगेच का नाही आली ती तुमच्याकडं?"

"पत्र्यापायी कुणी नऊ वर्षं अबोला धरतं का गं? ती भट्टीवर सगळ्यांदेखत मला एक वाक्य बोलली होती. ते वाक्य घेऊन माझ्या दारात यायचं तिला झेपलं नाही, आणि मलाही ते विसरता आलं नाही."

"काय बोलली होती?"

रिबेकाबाईंनी मान हलवली. "ते नाही सांगायची. ते तिनं परत घेतलं."

त्या खोलीत त्या एकट्याच राहायच्या. यजमान ट्रकवर होते, वारलेले. मूलबाळ नव्हतं. मी पुढं विचारलं नाही.

त्या उठल्या, फळीवरून एक डबी काढली आणि माझ्या हातात दिली. आत कापसावर आईचं अंगुस्तान होतं. एका बाजूला थोडं चेपलेलं, तेच.

"म्हणाली, पहिल्या वर्षी आमच्या घरात भट्टी लागायची नाही, तर तू कर, माझी खूण घाल आणि ताट घेऊन जा. विनूनं उघडलं तर तिला कळेल. नाही उघडलं, तर खूण कुठं ना कुठं तिच्या नजरेला पडेल आणि ती तुझ्या घरी भांडायला येईल. आली की तिला बसव आणि पुढ्यात परात ठेव."

मी हसले, आणि मग मला रडू आलं. आई गेल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते. पाळकसाहेब आले तेव्हा नाही, माती देताना नाही. त्या परक्या, नऊ वर्षं परक्या केलेल्या खोलीत मी लहान पोरीसारखी रडले. रिबेकाबाईंनी मला जवळ घेतलं नाही की गप्प हो म्हटलं नाही. त्या चाळणी शोधत होत्या.

"झालं का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "दोन वाजता भट्टी निवते. तूप काढून ठेवलंय, कालही काढलं होतं."

"पण दुखवट्यात..."

"खोली माझी, परात माझी. तुमच्या घरात भट्टी कुठं लागली?"

त्यांनी परात माझ्यापुढं सरकवली. तूप आणि पिठीसाखर. मी तळव्यानं फेसायला लागले. पाच मिनिटांत मनगट दुखलं. "झालं?" मी विचारलं. त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि तुपाचा इवलासा गोळा त्यात टाकला. तो तळाशी गेला.

"फेस."

पुन्हा फेसलं. पुन्हा तळाशी.

"मार्था माझ्यापेक्षा कडक होती," त्या म्हणाल्या. "मला पडून राहून सांगायची, फेस, फेस. स्वतःच्या अंगात ताकद नव्हती तरी मला दमवलं."

चौथ्यांदा गोळा तरंगला. तूप पांढरंशुभ्र, हलकं झालं होतं. मग मैदा, वेलदोडा, चिमूटभर मीठ. बाजरीचं पीठ त्यांनी भाजून ठेवलेलं होतं. मूठ कुणाची घ्यायची, त्यांची की माझी, यावर आमचा थोडा वाद झाला. त्यांनी माझी मूठ उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "तुझा हात मार्थाएवढाच आहे. तुझीच घे."

गोळे मी वळले. प्रत्येकावर अंगुस्तान दाबलं. पहिले चार वाकडे दाबले गेले. ते तसेच राहू दिले.

त्या दुपारचा शेवटचा पत्रा आमचा होता. चाचांनी तो बाहेर ओढला, माझ्याकडं पाहिलं, रिबेकामावशींकडं पाहिलं आणि काही न विचारता दोन उचलून बरणीत टाकल्या.

घरी आले तेव्हा खांद्याला पावाची पिशवी, एका हातात नानकटाईचा गरम डबा होता आणि दुसऱ्यात कालचं ताट, रुमालासकट. पपा खाटेवरच होते. पाव ठेवायला मी पावाचा डबा उघडला, तर आत सकाळचा अख्खा पाव होता.

"पपा, पाव तर घरात होता."

"होता का? दिसला नाही."

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"मी तुझ्या आईला शब्द दिला होता, सांगणार नाही म्हणून." ते चष्मा पुसत होते. "पाव आणायला पाठवणार नाही, असा दिला नव्हता."

मी ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि रुमाल काढला. बारा-पंधरा नानकटाया, प्रत्येकीवर खळगा, खळग्यात ठिपके. पपांनी एक उचलली. खाल्ली नाही लगेच. अंगठा खळग्यावर ठेवून बसून राहिले. मग तोडली, तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"बाजरी आहे," ते म्हणाले, आणि दुसरी घेतली.

मग मी माझ्या डब्यातली एक पुढं केली, वाकडी दाबलेली. पपांनी तीही खाल्ली. "जायफळ विसरलीस," म्हणाले. मी खरंच विसरले होते. मावशींनाही आठवलं नव्हतं.

पंचवीस तारखेला चर्चमधली सकाळची भक्ती आटोपून आम्ही घरी आलो. दाराला चांदणी नव्हती, पण चाळभर होत्या. मी चहा टाकला. पातेल्यात दोघांचंच पाणी घातलं होतं, ते पाहून आणखी एक कप ओतलं. मग बोटात अंगुस्तान घातलं, भिंतीपाशी गेले आणि तीनदा वाजवलं.

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आले गं, मार्था."

पपांनी माझ्याकडं पाहिलं. मी जाऊन दाराची कडी काढली.